ईशान्य कोपरा

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी मी लॉजवर जातो. नाशकात हे वाक्य मोठ्याने म्हणायची सोय नाही. सीबीएस बसस्टँडपासून नाशिकरोड स्टेशनापर्यंत लॉज म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. टॉवेल-साबण मिळेल, आधारकार्ड लागेल, बाराला रूम खाली करायची. आईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती देवघरापाशी वाती वळत बसली होती. म्हणाली, "घर असताना लॉजवर कशाला?" बायको आतून ओरडली, "सूट घालून जातात, आई. काळा." त्याने प्रकरण आणखीच संशयास्पद झालं.

मी फ्रीमेसन, म्हणजे शपथ घेऊन सभासद होणाऱ्या एका जुन्या बंधुमंडळाचा माणूस, झालो त्याला आता तीन वर्षं होतील. आमच्या शाखेला लॉज म्हणतात. मेसन म्हणजे गवंडी. आणि माझे आजोबा गवंडी होते. खरेखुरे, हाताला चुना खाल्लेले.

आजोबांचं सगळं काम पंचवटी आणि जुन्या नाशकातलं. १९६९च्या सप्टेंबरात गोदावरीला जो महापूर आला, त्याचं पाणी नारोशंकराच्या देवळाच्या घंटेला लागलं असं जुनी माणसं सांगतात. त्या पुरानंतर आजोबांना दोन-तीन वर्षं श्वास घ्यायला फुरसत नव्हती. नदीकाठचे वाडे फुगले होते, पांढऱ्या मातीच्या भिंती बसल्या होत्या. मी पाहिले ते म्हातारपणीचे आजोबा. खाकी ताडपत्रीची पिशवी, तिच्यात थापी, काटकोन पाहायचा गुण्या, सुताचं रीळ आणि भिंत सरळ आहे का ते पाहायचा ओळंबा. ओळंबा पितळी होता, भोवऱ्यासारखा, वापरून वापरून इतका गुळगुळीत की मी तो चोरून भोवरा म्हणून फिरवायचो. एकदा सापडलो. आजोबांनी मारलं नाही. ओळंबा धोतराला पुसला, टोक आपटून बोथट झालंय का ते नखाने पाहिलं आणि पिशवीत ठेवला. त्यापेक्षा मारलेलं परवडलं असतं.

वडील प्रेसमध्ये लागले आणि घरातली गवंडीकी संपली. माझं सातपूर एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, चार सीएनसी मशिनं, जॉबवर्क. पन्नाशी आली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली : माझ्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येक माणसाशी माझा काही ना काही व्यवहार होता. कुणाकडून येणं, कुणाचं देणं, कुणाचं कोटेशन अडलेलं. लग्नात जेवायला बसलो तरी शेजारचा हळूच विचारायचा, रेट काय चाललाय. शाळेतले मित्र होते, पण ते फोनमध्ये. सकाळी फुलं पाठवायचे, रात्री राजकारणावरून भांडायचे.

त्याच सुमाराला माझे एक जुने ग्राहक, देवळाली कॅम्पातले, वर्कशॉपवर आले होते. त्यांच्या टायपिनवर एक खूण होती, वर कर्कटक, म्हणजे कंपास, आणि खाली उलटा गुण्या. मी ती पिन कितीतरी वर्षं पाहत होतो. त्या दिवशी विचारलं. ते म्हणाले, "सात वर्षं वाट पाहतोय तू कधी विचारतोस याची." मेसन लोकांत कुणाला 'या' म्हणायचं नाही, ज्याला यायचं त्याने स्वतः दार वाजवायचं, असा जुना दंडक आहे. विमा एजंटांच्या आणि साखळी-मार्केटिंगवाल्यांच्या या शहरात सात वर्षं गप्प बसलेला माणूस मला फार आवडला.

दार वाजवलं म्हणून लगेच उघडत नाही. आधी एक सूचक लागतो, एक अनुमोदक. मग तिघे जण घरी आले, चहा-पोहे झाले आणि त्यातल्या सर्वांत वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "तुम्ही ईश्वर मानता का?" कोणता, हे विचारलं नाही. ते विचारायचंच नसतं. मी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात आई म्हणाली, "मानतो की. श्रावणात तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी चुकवत नाही." त्यांनी ते लिहून घेतलं की काय कुणास ठाऊक, पण मान डोलावली. नंतर लॉजमध्ये मतदान होतं ते पांढऱ्या आणि काळ्या गोट्यांनी. काळी कुणी टाकली ते कधीच कळत नाही.

त्यांनी बायकोलाही विचारलं, तुमची हरकत नाही ना. ती म्हणाली, "हरकत नाही. पण बायकांना का घेत नाही?" तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने 'परंपरा' हा शब्द काढला. हा शब्द काढला की आमच्या घरात चहाचे कप उचलले जातात. ते गेल्यावर ती मला म्हणाली, "आमच्या भिशीत अठरा जणी आहोत. कुणाचा नवरा पितो, कुणी कुणाकडून किती उसने घेतलेत, कोणाच्या मुलीचं कुठे फिसकटलं, एक शब्द बाहेर जात नाही. ना शपथ, ना तलवार." पुढे तिने शोधून काढलं की ॲनी बेझंट मेसन होत्या. होत्या, पण त्या वेगळ्या शाखेत, जिथे स्त्री-पुरुष दोघांना घेतात, आणि ती शाखा आमची ग्रँड लॉज, म्हणजे सगळ्या लॉजची वरची संस्था, मानत नाही. हे तिला समजावून सांगताना माझा मलाच आवाज खोटा वाटला. अजून या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. दर दुसऱ्या शनिवारी मी टायची गाठ बांधताना ती आरशात माझ्याकडे बघते तेव्हा मला ते आठवतं.

वडिलांचा प्रश्न निराळाच. "शपथ घेणार? तिळभांडेश्वराच्या बोळात घ्यायचे तशी?" नाशकात शपथ घेऊन सभासद व्हायची गोष्ट निघाली की बोलणं तिकडे जाणारच. १९०० साली इथे सावरकरांचा क्रांतिकारी मित्रमेळा सुरू झाला, १९०४ मध्ये त्याचीच अभिनव भारत झाली, आणि १९०९च्या डिसेंबरात विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या. वडिलांना म्हटलं, आमच्यात राजकारण बोलायलाच बंदी आहे. ते म्हणाले, "मग शपथ कशाची घेता?"

खरं तर शपथ फारच थोड्याची असते. काही खुणा, काही शब्द. ते मी इथे सांगणार नाही, आणि हव्या असतील त्यांना त्या शोधायला अर्धा तासही लागणार नाही, तीनशे वर्षं कुणी ना कुणी छापतच आलंय. आत काय चालतं याबद्दल मात्र लोकांच्या कल्पना अजब आहेत. पूर्वी आपल्याकडे लॉजच्या इमारतीला जादूघर म्हणत, भूतबंगला म्हणत.

लॉज या शब्दाचा मूळ अर्थ कळला तेव्हा मला हसू आलं. युरोपात चर्चं बांधायची कामं वर्षानुवर्षं चालायची. बांधकामाच्या भिंतीला टेकून पाथरवटांची एक खोपटी असायची. हत्यारं ठेवायला, भाकरी खायला, दुपारी पाठ टेकायला. ती लॉज. म्हणजे साइटवरची पत्र्याची शेड! आजोबांचं अर्धं आयुष्य तिच्यात गेलं. मग हळूहळू त्या शेडमध्ये दगडाला कधी हात न लावलेले लोक येऊ लागले. इलायस ॲशमोल नावाचा विद्वान गृहस्थ १६४६ साली वॉरिंग्टनच्या लॉजमध्ये सभासद झाल्याची त्याच्याच रोजनिशीत नोंद आहे. २४ जून १७१७ला लंडनमधल्या चार लॉज एका खानावळीत एकत्र आल्या आणि त्यांनी पहिली ग्रँड लॉज केली. तोवर गवंडी बरेचसे बाहेर पडले होते. हत्यारं तेवढी आत राहिली.

आपल्याकडे फ्रीमेसनरी इंग्रजांबरोबर आली. साहेबांनी आपल्यापुरती ठेवली. मुंबईच्या माणकजी करसेटजींना इथल्या साहेबांच्या लॉजनी घेतलं नाही, तेव्हा ते पॅरिसमध्ये जाऊन मेसन झाले आणि परत आले. मग १८४३ मध्ये हिंदी लोकांना घेणारी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' मुंबईत निघाली. भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज व्हायला १९६१ उजाडलं. आमच्याकडे नवा माणूस आला की त्याला विवेकानंद आणि मोतीलाल नेहरू मेसन होते हे सांगितलं जातं. प्रत्येक संस्थेजवळ अशी एक यादी असते. मी ती आता पाहुण्यांसमोर म्हणत नाही.

माणकजींची गोष्ट मात्र मनात राहिली. दाराच्या गोष्टी नाशिककराच्या मनात राहतातच. काळारामाचं देऊळ सरदार ओढेकरांनी रामशेजच्या काळ्या पाषाणात बांधलं, बारा वर्षं काम चाललं असं सांगतात. बांधणाऱ्या हातांची मोजदाद कुणी ठेवली नाही. २ मार्च १९३०ला त्याच देवळाच्या बंद दारांपुढे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे पाच वर्षं तो रेंगाळला, दार काही उघडलं नाही. आजोबा तेव्हा दहा-बारा वर्षांचे. त्यांना एवढंच आठवायचं, की दारं लावलेली होती आणि बाहेर माणसं बसून होती. अशा गावात राहून मी हौसेने एका बंद दाराच्या आतल्या बाजूला जाऊन बसतोय, हे मला टोचत नाही असं नाही.

आता तो दिवस. सगळं सांगणार नाही, पुढे येणाऱ्याची मजा जाईल.

दाराबाहेर जो उभा असतो त्याला टायलर म्हणतात, शब्दाने पाहिलं तर कौलं बसवणारा. आमचे टायलर सत्तरीचे, निवृत्त बँकवाले, हातात तलवार आणि खिशात खोकल्याच्या गोळ्या. त्यांनी मला बाजूच्या खोलीत नेलं आणि म्हणाले, "अंगावरचा सगळा धातू काढा." घड्याळ, पट्टा, किल्ल्या, सुट्टे पैसे. पॅंटच्या खिशातून एक एम-सिक्सचा नट निघाला, कधीपासून होता देव जाणे. शर्टाच्या घडीत टर्निंगची एक चीप अडकलेली होती, कुरळी, निळसर. ती त्यांनी चिमटीत धरून दिव्यापाशी नेली आणि बशीत ठेवली. दिवसभर लोखंडात काम करणाऱ्याला धातूतून बाहेर काढणं सोपं नसतं.

अंगठी निघेना. लग्नातली, सव्वीस वर्षं बोटात. सांध्यापाशी बोट जाड झालेलं. साबण लावून पाहिला, मग कुणीतरी स्वयंपाकघरातून तेल आणलं. आत सभा सुरू झालेली, दारावरून विचारणा येत होती. न निघाल्यास पट्टी चिकटवायची मुभा असते, पण टायलरबुवा हट्टाला पेटले. त्यांनी कुणाच्या तरी कोटाच्या डागडुजीसाठी ठेवलेला दोरा मागवला. त्याचं एक टोक अंगठीखालून सारलं, मग सांध्यावरून नखापर्यंत दोरा एकाला एक लावून घट्ट गुंडाळत नेला. बोट जांभळं झालं. मग खालचं टोक धरून उलटा सोडवायला लागले. एकेक वेढा सुटला की अंगठी सुताएवढी पुढे सरकायची. एक हात माझ्या मनगटावर, चष्मा नाकावर घसरलेला, तोंडाने काहीतरी मोजत होते. चाळीस वेढे असतील. वर्षानुवर्षं माझं बोट एवढ्या लक्ष देऊन कुणी पाहिलं नव्हतं. अंगठी निघाली तेव्हा तिच्याखाली पांढरीफटक, बाळाच्या कातडीसारखी कडी उमटलेली होती.

मग एक पाय गुडघ्यापर्यंत वर खोचलेला, एका पायात नुसती सपाता, डोळ्यांवर पट्टी. आजोबा चुना कालवायला उतरायचे तेव्हा असेच धोतर खोचून उतरायचे. मला तेव्हा हे सुचलं नाही, तेव्हा फक्त पाय कापत होते. दारावर तीन ठोके.

पुढचं गाळतो. पट्टी सुटल्यावर, शपथ झाल्यावर (गीतेवर, बाजूला कुराण, बायबल, ग्रंथसाहेब, अवेस्ता मांडलेले) मला काळ्या-पांढऱ्या चौकटीच्या फरशीवरून एका कोपऱ्यात नेऊन उभं केलं. पाय अमुक असेच जुळवायला सांगितले आणि इंग्रजीत सांगितलं, की कोणतीही मोठी इमारत उभी करताना पहिला दगड ईशान्येला बसवतात, म्हणून तुला इथे उभं केलंय.

ईशान्य! आजोबा कुठल्याही कामाची पायाभरणी ईशान्येलाच करायचे. खड्ड्यात पाच दगड, हळदकुंकू, सुपारी, आणि मालकाकडून एक नाणं. आजोबा नाण्यासाठी अडून बसायचे. मालक म्हणायचा, प्रतीकच आहे, पाच पैसे टाका. आजोबा म्हणायचे, चांदीचा रुपया नसेल तर नसो, पण खणखणणारं पाहिजे.

आणि इथे त्या कोपऱ्यात उभ्या माझ्याकडे दानाची थैली पुढे आली. जे काही द्यायचं ते दे. माझा हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा रिकामा, ते तर आत्ताच सगळं बशीत काढून ठेवलेलं. पन्नास माणसांसमोर, एक पाय उघडा, मी म्हणालो, "माझ्याकडे काही नाही."

हे वाक्य मी त्याआधी कधी म्हटलं होतं? पुढच्या आठवड्यात देतो, पार्टीकडून आले की देतो, चेक तयार आहे, हे सगळं म्हटलं होतं. काही नाही, असं नाही. यानंतर त्यांनी त्याचा अर्थ सांगितला, तो तुम्ही ओळखला असेल. मला तो नीट ऐकूच आला नाही. मला आजोबांची पिशवी दिसत होती. बुधवारी बाजार, म्हणून बुधवारी पगार. ज्या बुधवारी मालक भेटायचा नाही त्या दिवशी आजोबा घरी येऊन ओट्यावर पिशवी ठेवायचे आणि आजीला नेमकं हेच म्हणायचे. तिला ते सांगताना ते खाली बघत, थापीवरचा वाळलेला चुना नखाने खरवडत.

त्यानंतर जे वर्ष गेलं ते मुख्यतः पाठांतरात. सगळं तोंडपाठ म्हणायचं, कागद हातात घ्यायचा नाही. बावन्नाव्या वर्षी मी सकाळी स्कूटरवर सातपूरला जाताना जुनं इंग्रजी पुटपुटायचो, सिग्नलला शेजारचा गाडी पुढे घ्यायचा. चुकलो की माझ्या मुलाच्या वयाचा एक डॉक्टर हळूच पुढचा शब्द सांगायचा. सगळ्यांत कच्चा असण्यात जे सुख आहे ते मी विसरलो होतो. वर्कशॉपवर सगळे मला विचारतात. इथे मी विचारतो, उभं कुठे राहायचं, कुठल्या पायाने निघायचं.

जेवणाच्या टेबलावर बिल्डर, मेजर, वकील, द्राक्षाच्या बागा असलेले निफाडकर, दोन पारशी, एक सरदारजी. धर्म आणि राजकारण बंद, त्यामुळे बोलणं बरंचसं गुडघेदुखी, मुलं परदेशी गेली आणि मिसळ कुठली यावर. माझ्याशी त्यातल्या कुणाचाही व्यवहार नाही. एकाने एकदा जॉबवर्कचं विचारलं होतं, मी दुसऱ्याचा नंबर दिला.

पण एक गोष्ट बोचते. आमच्या अधिकाऱ्यांच्या गळ्यात निळ्या पट्ट्यांना चांदीची हत्यारं लटकतात. मुख्याच्या गळ्यात गुण्या, एका वॉर्डनच्या गळ्यात लेव्हल, दुसऱ्याच्या गळ्यात ओळंबा. सुंदर असतात. ओळंबा म्हणजे सरळपणा, गुण्या म्हणजे सचोटी, लेव्हल म्हणजे समता, हे आम्ही फार गंभीरपणे म्हणतो. त्या खोलीत एकालाही वीट रचता येत नाही. वार्षिक वर्गणी, काळा सूट, इंग्रजी. आजोबा त्यांची ताडपत्रीची पिशवी घेऊन आले असते तर या गवंड्यांनी त्यांना आत घेतलं असतं का? नियमात नाही म्हणायला काही नाही. सूचक कोण झाला असता, एवढाच प्रश्न. मी हे एकदा माझ्या सूचकांना विचारलं. त्यांनी खूप वेळ ग्लास फिरवला आणि म्हणाले, "घ्यायला हवं होतं." मला त्यांचं बरं वाटलं, पण ते उत्तर नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात लॉजच्या हॉलची एक भिंत फुगली. सिंहस्थाच्या कामांनी सगळं शहर खणलेलं, चांगला गवंडी मिळणं मुश्कील. शेवटी माझ्या वर्कशॉपचं शेड बांधलेल्या माणसाला मी बोलावलं, मंगळवारी दुपारी. हॉलमध्ये त्याच्याबरोबर मी एकटाच. उंबऱ्यावर त्याने चपला काढल्या. आम्ही बूट घालून जातो, पण हे मी बोललो नाही. त्याने खुर्च्या, खांब, छताखाली लटकलेलं इंग्रजी अक्षर, सगळ्यावरून नजर फिरवली आणि विचारलं, "देऊळ हाय का कोर्ट?" मी म्हटलं, "गवंड्यांचा हॉल आहे." तो माझ्याकडे बघायला लागला. "कुठले गवंडी?"

मला काही सुचलं नाही. तो उत्तराला थांबलाही नाही. काळ्या-पांढऱ्या फरशीवरून थापीचा दांडा आपटत आपटत तो कोपऱ्याकडे गेला. ठक, ठक, ठक, आणि एके ठिकाणी आवाज बदलला. ईशान्य कोपरा. दोनदा वाजवून पाहिलं. "हितं खाली माल न्हाई. पोकळ बोलतीय." मग भिंतीकडे वळला, खिशातून ओळंबा काढला, लोखंडी, गंजलेला, मनगटाला दोऱ्याचे वेढे. दोन बोटांत लाकडी गिट्टी धरून भिंतीला लावली, पण छतापाशी हात पुरेना.

"साहेब, स्टुलावर चढा आन् हे वरून धरा जरा. हलवू नका."

मी चढलो. गिट्टी भिंतीला दाबून धरली. खाली ओळंबा आधी गोल गोल फिरला, मग लंबकासारखा, मग थोडा थोडा कमी. त्याने एक डोळा मिटला.

"दीड बोट बाहेर हाय," तो म्हणाला. "धरून ऱ्हावा."